विणता येत असेल तर कल्याणला जा

उल्हासनगरात लोकरीचं दुकान काढणं हेच मुळात धाडस. त्यात आमच्या अंकलच्या दुकानाचा नियम असा, की ज्याला विणता येतं त्याला लोकर मिळणार नाही.

हे मी स्वतः पाहिलेलं आहे. एकदा एक बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात लोंबणारा, खांद्याला स्वतः विणलेली पिशवी. त्यांनी काउंटरवरचा गुलाबी लोकरीचा गुंडा उचलला. अंकलनी हातातल्या सुया न थांबवता विचारलं, "विणता येतं?"

"अहो, तीस वर्षं विणतेय," बाई अभिमानाने म्हणाल्या.

"मग कल्याणला जा. तिकडे चांगली दुकानं आहेत."

बाईंना गंमत वाटली. त्या हसल्या. अंकल हसले नाहीत. ओळ संपल्यावर त्यांनी गुंडा बाईंच्या हातातून अलगद काढून घेतला, जागेवर ठेवला आणि बशीत पापड आणि पेलाभर पाणी पुढे केलं. दारात आलेल्या माणसाला पापड-पाणी दिल्याशिवाय पाठवायचं नाही, ही त्यांची सिंधी रीत. त्या बाई पाणी न पिता, पण पापड मात्र रागारागाने खात निघून गेल्या.

मी गेले तेव्हा मलाही हाच प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, "नाही हो, सुया कशा धरायच्या तेसुद्धा माहीत नाही."

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "कुठून येतेस?"

"बदलापूर. शिरगावात राहते."

"बस, बदलापूर," ते म्हणाले. त्या दिवसापासून माझं तेच नाव पडलं.

अंबरनाथ पूर्वेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरी करते. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, हे माझं काम. निम्मी घरं उल्हासनगरातली. अंकलचं दुकान माझ्या रोजच्या वाटेवर, जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत. दोन्ही बाजूंनी मशिनींचा खडखडाट आणि मध्ये हे सहा फुटांचं दुकान. शटरच्या वर बारा महिने लोकरीच्या ओल्या लडी वाळत टांगलेल्या असायच्या, शेवयांसारख्या कुरळ्या, आणि प्रत्येक लडीच्या टोकाला कुलूप नाहीतर लोखंडी नट बांधलेला. उसवलेली लोकर अशी धुवून वजन लावून टांगली की सरळ होते, हे मला नंतर कळलं. पण एवढं उसवतं कोण, हे काही केल्या कळत नव्हतं. कारण अंकल दिवसभर विणतच असायचे, आणि एकच वस्तू विणायचे. ते तिला गुलूबंद म्हणायचे. माझी मुलगी तिला नेक वॉर्मर म्हणते. वीतभर रुंदीची पट्टी, मानेभोवती एक वेढा बसेल एवढी लांब. रोज एक. पण दुकानात विकायला टांगलेलं एकही कधी दिसलं नाही.

गल्लीत याबद्दल निरनिराळी मतं होती. कोणी म्हणे दान करतात, कोणी म्हणे परदेशात पाठवतात. समोरचा बटणवाला म्हणायचा, "सटक गया है, ताई. रात को खुद खोलता होगा, सुबह फिर से."

मला शिकायचं होतं ते मुलीमुळे. ती नर्स झाली, आणि एक दिवस म्हणाली की मी जर्मनीला चालले. म्हणजे सगळं ठरवून झाल्यावर तिने मला सांगितलं. वर्षभर ती संध्याकाळी जर्मन भाषेच्या क्लासला जात होती आणि मला वाटत होतं की ती सरकारी भरतीची तयारी करतेय. ती सातवीत असताना तिचे बाबा गेले. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. त्यामुळे ती जाणार याच्यापेक्षा, तिने वर्षभर माझ्यापासून लपवलं, हे मला जास्त लागलं. मी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. आमचं बोलणं फक्त "डबा घेतलास का" आणि "किल्ली शेजारी ठेवलीय" एवढ्यावर आलं.

तिचा घसा लहानपणापासून नाजूक. बदलापूरची थंडीसुद्धा तिला सोसत नाही. आमच्याकडे थंडीचं फार कौतुक. पारा जरा उतरला की सोसायटीच्या ग्रुपवर लोक सकाळी सकाळी थर्मामीटरचे फोटो टाकतात, जणू पोरगं बोर्डात आलंय. अशा सकाळी माझी मुलगी ओढणी कानापर्यंत गुंडाळून खोकत बसायची. तिला सरळ काही म्हणणं मला जमत नव्हतं. म्हटलं, गळ्यापुरतं काहीतरी हाताने करून द्यावं. गणपती नुकतेच गेले होते आणि ती संक्रांतीनंतर निघणार होती.

अंकलनी मला पहिल्या दिवशी हात धुवायला लावले. मग हात हुंगून बघितले. "स्पिरिटचा वास येतो. परत धू." मग तीस टाके घालायला शिकवलं. ते टाक्याला फंदा म्हणायचे आणि सिंधीत मोजायचे: हिक, ब, टे, चार, पंज. मोजताना मध्ये बोलायचं नाही. गिऱ्हाईक असो, फोन असो, ओळ पुरी होईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. एकदा गल्लीतली डीपी उडाली. मोठा स्फोट, ठिणग्या, कारखान्यांतली पोरं-बायका आरडाओरडा करत बाहेर पळाली. मीही पळाले. अंकल आत बसून. मी दारातून हाका मारतेय तर ते एक बोट वर करून मला थांबवतायत. ओळ संपली, सुई काढून गुंड्यात खोचली, चपला घातल्या आणि मग बाहेर येऊन विचारलं, "क्या हुआ?"

माझं पहिलं गुलूबंद इतकं घट्ट झालं की पत्र्यासारखं उभं राहायचं. अंकलनी ते हातात घेतलं, ताणून बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"किसका गला दबाना है?"

मला एकदम रडू आलं. मी त्यांना मुलीचं सगळं सांगितलं. सल्ला वगैरे त्यांनी काही दिला नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "ढील दे. धागा तुझाच आहे, पळून जात नाही. आणि हे इथे ठेव."

"मी घरी उसवीन की."

"नाही. फसलेलं माझ्याकडे ठेवायचं. दुसरी लोकर घेऊन जा."

तसं दर वेळी व्हायचं. दुसऱ्यात मधेच टाका निसटला आणि खालपर्यंत शिडी पडली. तिसरं एका बाजूला रुंद होत गेलं, कारण मी कडेला नकळत टाके वाढवत होते. प्रत्येक वेळी ते फसलेली पट्टी मागून घ्यायचे आणि त्यांचा चेहरा चक्क खुलायचा. मला राग यायचा. माझ्या चुकीवर या माणसाला आनंद कसला होतो?

आणखी एक गोष्ट होती. टाके बंद कसे करायचे, म्हणजे शेवटची ओळ उसवू नये म्हणून कशी मिटवायची, हे ते शिकवतच नसत. मी विचारलं की म्हणायचे, "ते मी करत नाही. मोबाइलवर बघ."

शेवटी चौथं जमलं. गडद निळं, मऊ, कडा सरळ. मुलीचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर उठून, मोबाइलवर बघत बघत मी टाके बंद केले, दोन्ही टोकं जोडून शिवली आणि गुलूबंद पिशवीत टाकलं. कामाच्या वाटेवर अंकलना दाखवायचं आणि घरी जाऊन मुलीला द्यायचं, असा बेत होता.

दोन दिवस माझी घरं अंबरनाथचीच होती, त्यामुळे इकडे येणं झालं नव्हतं. दुकान बंद होतं. असं मी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात लॅबमधून फोन आला: एक पेशंट वाढलाय, उपाशीपोटीचं रक्त घ्यायचंय, पत्ता लिहून घे. पत्ता त्याच गल्लीतला होता, दुकानाच्या मागच्या जिन्याने वर.

दार अंकलनी उघडलं. उजव्या अंगठ्याला हे एवढं बँडेज. मला बघून ते दारातच अडले. मग बाजूला झाले.

आत पलंगावर त्यांची बायको बसली होती. गोरी, बारीक, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी घातलेली. त्या माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "अचु, वेहु." ये, बस. आणि बोलता बोलता त्यांची बोटं चादरीची कड ओढत होती. कड पूर्ण विसकटली होती. उशीच्या अभ्र्याचे दोरे निघाले होते. दोन्ही मनगटांवर ताजे ओरखडे होते.

"परसों शटरमध्ये अंगठा सापडला," अंकल हळू आवाजात सांगू लागले. "दोन दिवस विणलं नाही. घरातलं सगळं उसवून झालं. काही राहिलं नाही तर ती स्वतःलाच ओढते."

पलंगाखाली टोपली होती. तिच्यात कुरळ्या लोकरीचा ढीग. त्यात माझी फसलेली पिवळी लोकर मी लगेच ओळखली.

सहा वर्षांपासून आंटींचं सगळं पुसत चाललं होतं. नाव गेलं, स्वयंपाक गेला, मुलाबाळांसारख्या वाढवलेल्या पुतण्या-पुतणींची ओळख गेली. आधी त्या फार सुरेख विणायच्या. दुकान खरं त्यांचंच, अंकल नुसते गल्ल्यावर बसायचे. मग विणणंही गेलं. पण एक दिवस त्यांच्या हाती एक स्वेटर लागला. त्याचा धागा सुटलेला होता. त्या तो ओढत बसल्या आणि दुपारभर शांत राहिल्या. तेव्हा अंकलनी, वयाच्या सत्तरीला, एका शेजारणीकडून विणायला शिकून घेतलं. तेवढी एक पट्टीच त्यांना येत होती. ते दिवसा विणायचे आणि आंटी संध्याकाळी उसवायच्या. एक कमी पडू लागलं, म्हणून मग शिकाऊ लोक.

"ज्यांना येतं, त्यांचं फसत नाही," अंकल म्हणाले. "मला काय उपयोग?"

मी आंटींचा हात धरला. त्यांनी झटका देऊन सोडवला आणि परत मनगटावर नख चालवलं. अंकलनी त्यांना धरायला बघितलं तर त्या लहान पोरीसारख्या कळवळून रडायला लागल्या. अशा वेळी आम्ही घरच्यांना सांगतो, घट्ट धरा, दोन मिनिटांचं काम आहे. मी तसं सांगू शकले असते.

मी पिशवीतून निळं गुलूबंद काढलं.

"नको!" अंकल ओरडलेच. "ते मुलीचं आहे. बंद केलेलं आहे. नको, बदलापूर."

"कात्री कुठे आहे?"

ते जागचे हलले नाहीत. मग माझ्याच बॅगेतली, चिकटपट्टी कापायची छोटी कात्री घेतली. आधी शिवण उसवली. मग शेवटची गाठ शोधली. सकाळी दोनदा मारलेली, मुद्दाम पक्की. ती कापताना मात्र माझा हात थांबला. तीन-चार महिने त्या एका पट्टीत गेले होते, आणि मुलीला सांगायचं राहिलेलं सगळं त्यात होतं. आंटी माझ्या हाताकडे बघत होत्या, रडणं थांबवून. मी गाठ कापली, धाग्याचं टोक सोडवलं आणि त्यांच्या बोटांत दिलं.

त्यांनी ओढलं. पहिली ओळ सर्रकन सुटली. त्यांच्या चेहऱ्यावरची शीर न् शीर सैल झाली. अंकलनी डाव्या हाताने पट्टी धरून ठेवली, आंटी उजव्या हाताने ओढत राहिल्या, आणि त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर निवांत पडला होता. रबरी पट्टा बांधला, सुई टोचली, तरी त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. एवढ्या शांतपणे रक्त मला कधी कोणी दिलेलं नाही.

निघताना अंकल टोपलीतला निळा ढीग माझ्या पिशवीत भरू लागले. मी नको म्हणत होते. "घेऊन जा," ते म्हणाले. "मुलीला खरं सांग."

घरी आले तेव्हा मुलगी बॅगचं वजन करत होती. मी तिच्यापुढे ती कुरळी लोकर ठेवली आणि सगळं सांगितलं. दुकान, घट्ट विणणं, आंटी, कात्री. ती हातातलं टाकून जमिनीवर बसली.

"आई, मी तुला एक सांगितलं नाहीये," ती म्हणाली. "माझी नोकरी मोठ्या हॉस्पिटलात नाहीये. वृद्धाश्रमात आहे. तुझ्या आंटींसारख्याच बायका-पुरुष असतात तिथे. मला वाटलं तू म्हणशील, एवढं शिकून म्हाताऱ्यांची सेवा करायला परदेशात कशाला जातेस."

मी नक्की तसंच म्हटलं असतं. तिला तसं सांगितलंही. मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. मीही. तिचं जाणं मला तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.

"ही लोकर मी नेते," डोळे पुसून ती म्हणाली. "टाके कसे घालायचे तेवढं दाखव."

जेवायच्या आधी तासभर मी तिला शिकवत बसले. महिन्याभराने तिने तिच्या पहिल्या ओळींचा फोटो पाठवला. मी तो अंकलना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून नीट बघितला.

"घट्ट आहे," ते म्हणाले. "आईवर गेलीय."

पुढे दीडेक वर्ष मी त्यांच्याकडे जात राहिले. माझा हात सुधारला ही आता अडचण झाली होती. मी मुद्दाम टाके सोडून एक वेडीवाकडी पट्टी विणून नेली. ती त्यांनी परत केली. "खोटं चुकू नको. येत असेल तर चांगलं विण आणि बंद न करता आण." तशा मी पुष्कळ नेल्या. वर जाऊन आंटींजवळ बसायचे. त्या दर वेळी मला नव्याने "अचु, वेहु" म्हणायच्या आणि मी दर वेळी बसायचे. शेवटी शेवटी त्यांना ओढण्याची ताकद नव्हती. अंकल धागा ओढायचे आणि आंटी नुसतं त्यावर बोट ठेवायच्या.

त्या गेल्या त्या पावसाळ्यानंतर. मी भेटायला गेले तेव्हा अंकल दुकानात बसले होते, हात मांडीवर उताणे ठेवून. मी कधी त्यांचे रिकामे हात पाहिले नव्हते. समोर एक बाई लोकर बघत होती. अंकलनी तिला काहीच विचारलं नाही. मागितलेले गुंडे बांधून दिले. पापड द्यायचेही विसरले.

दिवाळीच्या आत दुकान बंद झालं. पुतणी त्यांना अजमेरला घेऊन गेली. जाताना उरलेली सगळी लोकर त्यांनी माझ्याकडे पाठवली. माझ्या पलंगाचे दोन्ही कप्पे अजून तिने भरलेले आहेत. मुलगी दोन वर्षांतून एकदा येते, तेव्हा त्यातले गुंडे तिथल्या आज्यांसाठी घेऊन जाते. मी मात्र अजून टाके मोजायला लागले की आपोआप हिक, ब, टे सुरू होतं. लॅबमधल्या पोरी हसतात.

गेल्या थंडीपासून अंकलचा फोन लागत नाही. नंबर बंद आहे एवढंच ऐकू येतं. पुतणीचा नंबर मी कधी घेतला नव्हता, आणि अजमेरचा पत्ताही नाही. वाटेवर ती गल्ली लागते. तिथे आता चार्जर आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. मी सवयीने पाय हळू करते आणि पुढे जाते.

फोन बंद व्हायच्या आधीच्या डिसेंबरात त्यांच्याशी झालेलं शेवटचं बोलणं मला पुनःपुन्हा आठवतं. रविवारची दुपार होती. मी स्वयंपाकघरात होते.

"बदलापूर, थंडी आली?"

"आली की. तिकडे?"

"खूप. इथे सगळे आहेत. टीव्ही आहे, पोरं आहेत, सगळे बोलतात. प्रेमाने बोलतात. पण जवळ कोणी नुसतं बसत नाही. तू काय करतेस?"

"मेथी निवडतेय. कुकर लावलाय."

"कर तुझं काम. फोन बंद करू नको. मी बोलणार नाही."

मी फोन ओट्यावर ठेवला, स्पीकर लावून. मेथी निवडली. कांदा चिरला. नळ सोडला, बंद केला. भांडं पडलं, उचललं. तिकडून काही आवाज नव्हता, फक्त मधूनच एखादा श्वास, आणि लांबून कुठेतरी मुलांचं हसणं. मग मी स्टूल ओढून ओट्यापाशी, फोनच्या अगदी जवळ बसले. नुसती बसले. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि त्या मी ऐकत नव्हते.

"बदलापूर," ते म्हणाले, "पाच झाल्या. डाळ लागेल."

मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले.